कारखान्याचा शेजार



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एका ज्येष्ठांनी मला फोनवर विचारलं, ‘डॉक्टर, डोंबिवलीत येऊन प्रदूषणाबद्दल आम्हांला नवीन काय सांगणार?’ प्रश्न रास्त आहे. जानेवारी 2014 मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. 26 मे 2016 ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, 12 माणसं गेली. 23 मे 2024 ला पुन्हा स्फोट झाला. त्या दिवशी फुटलेल्या काचा या सभागृहातल्या कितीतरी जणांनी स्वतःच्या हाताने गोळा केल्या असतील. तेव्हा रात्री कसला वास येतो, डोळे कसे चुरचुरतात, हे मी तुम्हांला सांगायची गरज नाही.

मी बोलणार आहे ते पुराव्याबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कारखान्याशेजारी राहणारा माणूस आजारी पडला, तर तो आजार कारखान्यामुळेच झाला हे आपल्याकडे त्यानेच सिद्ध करायचं असतं. खोकणाऱ्यानेच पुरावा आणायचा. आणि पुरावा ज्यातून उभा राहतो ती सगळी माहिती, म्हणजे काय साठवलं, काय जाळलं, कधी सोडलं, ही कारखान्याकडे असते. हे उलटं आहे. आपल्या न्यायालयांनीही ते उलटं आहे असंच म्हटलेलं आहे. तरी रोजच्या व्यवहारात तेच चालू आहे, आणि त्याची किंमत माणसं आपल्या छातीने मोजत आहेत.

हे समजून घ्यायला मी तुम्हांला इथून फार लांब नेणार नाही. चेंबूरच्या पलीकडे, माहुलला नेणार आहे.

माहुल हे मुळात कोळ्यांचं गाव. एका बाजूला डोंगर, एका बाजूला खाडी, चिखलात हिवाळ्यात उतरणारे फ्लेमिंगो. 1954 आणि 1955 मध्ये तिथे एकापाठोपाठ एक दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले. एक स्टँडर्ड व्हॅक्युमचा, जो पुढे एस्सोचा झाला, आणि एक बर्मा शेलचा. पुढे राष्ट्रीयीकरण झालं आणि ते एचपीसीएल आणि बीपीसीएल झाले. जवळच टाटांचं वीजकेंद्र आलं, खतांचा कारखाना आला, नंतर रसायनं आणि तेल साठवायच्या टाक्यांची रांगच्या रांग उभी राहिली. गाव जिथल्या तिथे राहिलं. चेंबूरला लोक गॅस चेंबर म्हणू लागले ते याच काळात.

आता एक प्रश्न असा, जो प्रत्येक औद्योगिक वस्तीत विचारला जातो. ‘कारखाना आधी होता, तुम्ही नंतर आलात. मग तक्रार कसली?’ तुम्हांलाही तो विचारला गेला असेल. श्रोतेहो, हा प्रश्न तपासून घ्या. माहुलच्या कोळ्यांना तो लागू होतो का? चंद्रपूरला लागू होतो का, जिथे गोंड राजांचा परकोट पाचशे वर्षं उभा आहे आणि औष्णिक केंद्राचा पहिला संच 1983 चा आहे? आणि डोंबिवलीत? इथे एमआयडीसीने कारखान्यांचे भूखंड पाडले आणि शेजारीच निवासी विभागही पाडला. दोन्हींचा नकाशा एकाच कार्यालयात तयार झाला. राहायला आलेल्याने मंजूर नकाशा पाहून घर घेतलं. त्याने आणखी काय पाहायला हवं होतं?

पण माहुलमध्ये जे झालं ते याच्याही पुढचं आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या झोपड्या हटवायचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. पाण्याच्या सुरक्षेचा प्रश्न होता, आदेशाला कारण होतं. ज्यांची घरं गेली त्यांना पर्यायी घर देणं ही सरकारची आणि महापालिकेची जबाबदारी. घरं कुठे होती? माहुलला. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या सात मजली 72 इमारती, साधारण 225 चौरस फुटांची घरं, आणि हाकेच्या अंतरावर तेलशुद्धीकरण कारखाना. विद्याविहार, घाटकोपर अशा भागांतून हजारो कुटुंबं तिथे आणली गेली.

आता तारखा लक्षात ठेवा. माहुल आणि आंबापाडा इथल्या रहिवाशांच्या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने डिसेंबर 2015 मध्ये निकाल दिला आणि त्यात स्पष्ट लिहिलं, की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. लवादासमोर केईएम रुग्णालयाची पाहणी होती. पाहणीतल्या 67 टक्के लोकांना महिन्यातून तीनहून अधिक वेळा श्वास लागत होता. डोळ्यांची जळजळ आणि छाती कोंडल्यासारखं वाटणं याच्या तक्रारीही सर्रास होत्या. हे सगळं लेखी, सरकारी दप्तरी, 2015 मध्ये. आणि जलवाहिनीवरची कुटुंबं मोठ्या संख्येने माहुलला नेली गेली ती 2017 मध्ये.

म्हणजे माहीत नव्हतं म्हणून झालं असं म्हणायला जागा नाही. माहीत होतं. तरी झालं. कारण ज्यांना न्यायचं होतं ती माणसं गरीब होती.

मी तिथे गेले होते. दोन इमारतींमधलं अंतर इतकं कमी, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवे लागलेले. मी सार्वजनिक आरोग्य शिकवलं, त्यामुळे घरात गेलं की माझी नजर आधी औषधांकडे जाते. तिथे बहुतेक घरांत खिळ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती. पिशवीत खाजेची मलमं, इन्हेलर, एक्स-रेचं पाकीट आणि केसपेपरचा गठ्ठा. एका ताईंनी तो गठ्ठा माझ्यापुढे चटईवर पसरला. शताब्दी रुग्णालयाचे कागद होते, सायनचे होते, केईएमचे होते, खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. मी त्यांच्या तारखा लावत होते, आणि मग मला पत्त्याचा रकाना दिसला. जवळजवळ प्रत्येक कागदावर पत्ता जुना होता. विद्याविहारचा. रेशनकार्ड जुन्या पत्त्याचं, आधार जुन्या पत्त्याचं, नोंदणीच्या खिडकीवर जे कार्ड दाखवलं त्यावरचा पत्ता कारकुनाने उतरवून घेतला. ताई माहुलमध्ये आजारी पडल्या आणि सरकारदरबारी विद्याविहारमध्ये आजारी पडल्या.

याचा अर्थ लक्षात घ्या. उद्या कोणी रुग्णालयांच्या नोंदींवरून विचारलं, की माहुलमध्ये श्वसनाचे रुग्ण वाढले का, तर कागद म्हणतील, फारसे नाहीत.

आणि आपण नेमकं तेच करतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक क्षेत्रांचा एक निर्देशांक काढतं. 2009 च्या यादीत चंद्रपूर 83.88 गुणांनी देशात चौथं होतं, डोंबिवली 78.41 वर होती. हा निर्देशांक आला तेव्हा मोठी खळबळ माजली, अतिप्रदूषित क्षेत्रांत नव्या प्रकल्पांवर काही काळ बंदीही आली. पुढे 2016 मध्ये गुण द्यायची पद्धत बदलली. नव्या पद्धतीत 100 पैकी माणसांच्या आरोग्याला किती गुण आहेत? 10. आणि तेही प्रमुख रुग्णालयांच्या नोंदींवरून. गल्लीतल्या दवाखान्यात जाणारा, मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणारा, जुन्या पत्त्यावर नोंदलेला, गावी जाऊन मेलेला माणूस त्या 10 गुणांतही नाही.

मी याच ठिकाणी थोडी थांबते, कारण पुरावा मिळत नाही असं म्हटलं जातं तेव्हा तो का मिळत नाही, हे आपण नीट पाहत नाही.

पहिलं कारण आजाराच्या स्वभावात आहे. दमा धुळीने होतो, ओलीने बळावतो, घराण्यातून येतो, विडी-सिगारेटने वाढतो. कारखान्यामुळे झालेला दमा तपासणीत वेगळा ओळखू येत नाही. ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग पाहिला की डॉक्टर कारणाकडे बोट दाखवू शकतो, पण असे आजार फार थोडे. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे निर्विवाद आहे, पण तो वर्षानुवर्षांनी होतो, आणि तोवर माणसाने घर बदललेलं असतं, नोकरी बदललेली असते. म्हणून एका माणसाकडे पाहून काही सिद्ध होत नाही. हजार माणसं पाहावी लागतात, कारखान्यापासून जवळची आणि लांबची, आणि तीही वर्षानुवर्षं. ते काम कोण करणार? खोकणारी बाई? भोपाळसारख्या भोपाळमध्ये, जिथे एका रात्रीत हजारो माणसं गेली, तिथेही भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे दीर्घकालीन अभ्यास 1994 मध्ये थांबवले गेले. अभ्यास थांबवायचा आणि मग पुरावा मागायचा, हे आपण भोपाळपासून करत आलो आहोत.

दुसरं कारण मोजमापात आहे. तुमच्याकडे, माहुलला, तारापूरला, सगळीकडे लोक एकच वाक्य बोलतात, ‘रात्री गॅस सोडतात.’ अधिकारी म्हणतात, आम्ही आलो तेव्हा काही आढळलं नाही. यात खोटं कोण बोलतं? पुष्कळदा कोणीच नाही. रात्री जमीन थंड होते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, वारा पडतो, आणि वरचा उबदार थर पातेल्यावर झाकण बसावं तसा बसतो. हिवाळ्यात तर हे हमखास. मग दिवसा जेवढं सोडलं तेवढंच रात्री सोडलं तरी ते खाली, आपल्या खिडकीच्या उंचीवर साचतं. कोणी खरोखरच रात्री जास्त सोडत असेल, तर त्याची भर वेगळी. आणि पाहणीचं पथक येतं ते दिवसा, कार्यालयीन वेळेत. त्यातून काढायची ती सरासरी. पहाटे दोन ते चार श्वास कोंडला आणि दुपारी खाडीचा वारा सुटला, तर चोवीस तासांची सरासरी चांगली दिसते. पण माणूस सरासरी हवा घेत नाही. तो पहाटे दोनची हवा पहाटे दोनला घेतो.

आणि मोजायचं काय, हाही प्रश्न आहे. आपण चिमणीकडे पाहतो. माहुलमध्ये चिमणीइतकाच प्रश्न टाक्यांचा होता. टाकीत द्रव भरला की आतली वाफ बाहेर ढकलली जाते. टँकर भरतानाही तेच होतं. ती वाफ दिसत नाही. बेंझिनचा वास नाकाला कळेपर्यंत त्याचं प्रमाण सुरक्षित पातळीच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास थोड्याशा प्रमाणातही येतो, पण प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. तेव्हा ‘आज वास नाही, आज हवा बरी आहे’ यावर विसंबू नका.

राहिली ‘मर्यादेत आहे’ ही गोष्ट. हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांची, पीएम 2.5 ची, आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये जी पातळी सांगितली ती 5 आहे. आठपट फरक. आपली फुप्फुसं इतरांपेक्षा आठपट मजबूत आहेत असं मला वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालेलं नाही.

हा पुरावा जमवायची सुरुवात दवाखान्यातून होऊ शकते. ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्यांनी कामगारांच्या वस्तीत आयुष्यभर दवाखाना चालवला. म्हणून या सभागृहात बसलेल्या डॉक्टरांना मी हात जोडून एक विनंती करते. तुमच्या रजिस्टरमध्ये नाव, वय याच्यापुढे तीन रकाने वाढवा. सध्या प्रत्यक्ष कुठे राहता, किती वर्षं राहता, कुठे काम करता. याला पैसे लागत नाहीत, कोणाची परवानगी लागत नाही. पाच वर्षांनी तुमच्याकडे जी वही तयार होईल ती कोर्टातही मांडता येईल.

आता आजारापलीकडचं बोलते. कारण आजार म्हणजे काय, हेही आपण फार अरुंद करून ठेवलं आहे. ज्याला रोग म्हणून नाव देता येत नाही पण ज्याने जगणं खाली येतं, अशा गोष्टी आहेत.

चंद्रपूरजवळ, दुर्गापूरच्या बाजूला, बायका कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसतात. एक वेगळं फडकंच असतं त्यासाठी, काळं झालेलं. दोरी न पुसता ओलं पातळ टाकलं तर मधोमध काळा पट्टा उठतो, तो निघत नाही. पाण्याची भांडी झाकून ठेवायची, गच्चीवर वाळवण घालायचं नाही, मे महिन्यात पारा 47 वर असताना बाहेर अंथरूण टाकायची सोय नाही, कारण सकाळी उशीवर कोळशाची धूळ. पापड, कुरडया, सांडगे ही घरची कामं. ती त्या वस्तीतून निघून गेली. कोळशाचे ट्रक रात्रभर वाहतात, अर्ध्यांवर ताडपत्री नीट बांधलेली नसते. याच जिल्ह्यात घुग्घुसला ऑगस्ट 2022 मध्ये एक अख्खं घर जमिनीत गेलं, खाली जुनी भूमिगत खाण होती. आसपासची कुटुंबं हलवावी लागली. याला कुठला रोग म्हणणार? कुठल्या केसपेपरवर लिहिणार? पण आपल्या घराखालची जमीन आपली आहे की नाही, या काळजीत झोपणाऱ्या माणसाची तब्येत मी तरी चांगली म्हणणार नाही.

इथे डोंबिवलीत काय वेगळं आहे? खिडक्या कधी उघडायच्या आणि कधी लावायच्या हे वाऱ्यावर ठरतं. परीक्षेच्या दिवसांत मुलांना मावशीकडे पाठवणारी घरं इथे आहेत. मोठा आवाज झाला की आधी सोसायटीचा ग्रुप पाहायचा, मग गॅलरीत यायचं, ही सवय इथे लहान मुलांनाही आहे. मुलांना ही सवय असावी, याचं मला फार वाईट वाटतं.

यावर लगेच विचारलं जातं, की कारखाने बंद करायचे का? लोकांच्या पोटावर पाय द्यायचा का? हा प्रश्न मी टाळणार नाही. ज्या घरात दमेकरी आजी आहे त्याच घरातला नातू कंत्राटावर त्याच कारखान्यात जातो. आजीने तक्रार केली तर नातवाचा गेटपास जाईल, ही भीती खरी आहे. चंद्रपूरच्या केंद्रातली वीज राज्यभर जाते. आपल्यालाही हवी आहे, मलाही. पण पोट आणि छाती यांतलं एकच निवडायला लावणं, ही मुळात कोणाची सोय आहे? कारखाना आणि धूर हे एकत्रच यावे लागतात असा निसर्गनियम नाही. औष्णिक केंद्रांच्या धुरातला गंधकवायू काढून टाकायची यंत्रणा जगात वापरली जाते. केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये त्या वायूच्या मर्यादा ठरवल्या आणि केंद्रांना दोन वर्षं दिली. मुदत वाढत गेली, पुन्हा वाढत गेली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना ती यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असतं, असं कारण दिलं गेलं. गंधक कमी असतं हे खरं आहे. पण प्रश्न टक्केवारीचा नाही. एका गावाशेजारी रोज किती कोळसा जळतो याचा आहे. खर्च वाचला तो वीजकेंद्राचा वाचला. तो नाहीसा झाला नाही. तो औषधांच्या बिलात, बुडलेल्या रोजात, लवकर थकलेल्या माणसांत वाटला गेला. फरक इतकाच, की तिथे त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते. डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की धोकादायक उद्योग चालवणारा त्यातून होणाऱ्या हानीला पूर्णपणे जबाबदार आहे, चूक कोणाची याची चर्चा नको. 1996 मध्ये तामिळनाडूतल्या वेल्लोर भागातल्या चर्मोद्योगांचा निकाल आला. त्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. आपलं काम पर्यावरणाला घातक नाही हे सिद्ध करण्याचा भार उद्योजकावर आहे, असं त्या निकालात आहे. 2010 च्या हरित लवाद कायद्याने सावधगिरीचं तत्त्व आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यायचं तत्त्व लवादावर बंधनकारक केलं. म्हणजे मी सुरुवातीला जे मागितलं ते नवीन काही नाही. ते या देशात मान्य झालेलं आहे.

मग माहुलच्या माणसांना काय करावं लागलं? 8 ऑगस्ट 2018 ला शेजारच्या बीपीसीएलमध्ये स्फोट झाला, इमारती हादरल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुटुंबं विद्याविहारला, जिथून त्यांना उठवलं होतं तिथेच, पदपथावर येऊन बसली. पाऊस, ऊन, पोलीस, सगळं सोसून वर्षाहून अधिक काळ बसली. बायका पुढे होत्या. आयआयटी मुंबईच्या अहवालानेही त्यांना तिथून हलवण्याची गरज सांगितली. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कोणालाही माहुलला पाठवू नये, आणि जे तिथे आहेत त्यांना दुसरीकडे घर द्यावं किंवा महिना 15,000 रुपये भाडं आणि 45,000 रुपये अनामत द्यावी. हे आंदोलन जिंकलं असं मी म्हणते. पण काय जिंकलं? श्वास घेता येईल अशा जागी राहायचा हक्क. त्यासाठी वर्षभर रस्त्यावर बसावं लागलं. ऑगस्ट 2020 मध्ये हरित लवादाने तिथल्या चार कंपन्यांवर मिळून 286 कोटी रुपयांची भरपाई ठरवली. आणि अलीकडे महापालिकेने माहुलची रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, साडेबारा लाखांच्या घरात. मुंबईत, या किमतीत, पक्कं घर. अर्ज फारच थोडे आले. कर्मचाऱ्यांना कोणी अहवाल वाचून दाखवला नव्हता. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्याने ‘नाही’ म्हटलं. ज्यांना म्हणता येत नव्हतं त्यांना तिथे पाठवलं होतं.

माझ्या मते माहुलचा सगळा पुरावा या एका गोष्टीत आहे.

शेवटी डोंबिवलीकडे येते. नवा मोठा प्रकल्प येताना जनसुनावणी घ्यावी लागते, 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे. पण मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना त्या सुनावणीतून सूट आहे. म्हणजे जिथे कारखाने सर्वांत दाट तिथल्या शेजाऱ्यांना बोलायची जागा सर्वांत कमी. ही सूट काढून टाकावी अशी मागणी आपण केली पाहिजे. इथल्या 2024 च्या स्फोटानंतर कारखान्यांच्या स्थलांतराच्या घोषणा झाल्या आहेत, त्यांचा पाठपुरावा केला पाहिजे. मात्र कारखाने इथून उचलून दुसऱ्या कोणाच्या दारात, खालापूर-रसायनीच्या आदिवासी वाड्यांशेजारी, तसेच ठेवायचे असतील, तर माझा त्याला विरोध आहे. डोंबिवलीचा धूर तिथल्या लेकरांना देऊन आपण मोकळे होणार नाही.

पण एक गोष्ट अशी आहे, जिच्यासाठी नवा कायदा नको, मोर्चा नको. भोपाळनंतर, 1989 मध्ये, धोकादायक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांबद्दलचे नियम झाले. त्यांतला 15 वा नियम असा आहे, की ज्या कारखान्यात मोठा अपघात होऊ शकतो त्याने कुंपणाबाहेरच्या, ज्यांना झळ पोहोचू शकते अशा लोकांना धोक्याचं स्वरूप कळवलं पाहिजे, आणि अपघात झाला तर काय करायचं, काय करायचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. 1996 च्या नियमांनी त्यासाठी जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमले, मॉक ड्रिल ठरवून दिलं. हा नियम आहे. उपकार नाही. आणि इथे पुरावा रहिवाशाने द्यायचा नाही. माहिती कारखान्याने द्यायची आहे.

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी असं पत्रक आलेलं आहे? शेजारच्या टाकीत काय आहे, वायू सुटला तर खिडकी लावायची की वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, लहान मुलं शाळेत असतील तर त्यांना कुठे नेलं जाईल, हे कोणी तुम्हांला कधी सांगितलं? हात वर करा. मला एकही हात दिसत नाही.

मग या आठवड्यात आपापल्या सोसायटीच्या लेटरहेडवर एक अर्ज लिहा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला. विषय लिहा, ‘1989 च्या नियमांतील नियम 15 प्रमाणे माहिती मिळण्याबाबत’. आमच्या इमारतीपासून जवळच्या कारखान्यांची नावं, तिथे साठवलेली धोकादायक रसायनं, अपघातात आम्ही काय करायचं, आणि शेवटचं मॉक ड्रिल कधी झालं, एवढंच विचारा. पोच घ्यायला विसरू नका, तारखेचा शिक्का स्पष्ट आहे ना तेही पाहा. अर्जाचा नमुना मी संयोजकांकडे दिला आहे, जाताना दाराजवळच्या टेबलावरून घेऊन जा.